खोड वाचलं, पण मुळं?

जुळे सोलापुरात प्लॉटवरचा जुना कडुनिंब न तोडता घर बांधणारे मालक आता बऱ्यापैकी दिसतात. खोडाला पोती गुंडाळतात, बुंध्याभोवती कट्टा बांधतात. वास्तुशांत होते आणि दोन-तीन पावसाळ्यांनी शेंडा वाळायला लागतो. ‘कीड लागली,’ म्हणून विषय मिटतो. कीड असतेही, पण बहुतेकदा ती आधीच खंगलेल्या झाडावर मागाहून आलेली असते.

खरी गडबड जमिनीखाली असते. पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही आडवी पसरतात, कारण मुळांनाही श्वास लागतो. चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ्यांची असते; हवा-पाणी तिथूनच खेळतं. सहा घनमीटर काँक्रीट भरलेला रेडीमिक्सचा ट्रक साधारण २५ टनांचा. मातीचं सर्वाधिक नुकसान त्याच्या पहिल्या काही फेऱ्यांतच होतं. आपली काळी माती मे महिन्यात बराच भार पेलते; सप्टेंबरच्या ओल्या मातीत जेसीबी फिरवला की पोकळ्या मिटल्याच.

मिक्सर धुतलेलं पाणी बुंध्याशी ओततात, तेही वाईट. त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो, म्हणजे ते खूप अल्कधर्मी असतं. इथली माती मुळातच चुनखडीची. त्यात हे पडलं की लोह मुळांना मिळेनासं होतं. कोवळं पान उन्हाकडे धरून पाहा: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता मोठी.

किती जागा सोडायची? ब्रिटिश मानकानुसार दीड मीटर उंचीवरच्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्या, म्हणजे घेराच्या जवळपास चौपट. दीड मीटर घेराच्या कडुनिंबाला चहूबाजूंनी सहा मीटर. मग तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर घर कुठं बांधायचं? प्रश्न रास्त आहे. म्हणून निदान जमेल तेवढ्या भागाला, पहिला जेसीबी येण्याआधीच, पत्रे ठोकावेत. जिथून गाडी न्यावीच लागते तिथं वीतभर पाचट अंथरून वर जाड लोखंडी प्लेटा टाकाव्यात. झाडाजवळचा पाया हातानं खोदावा. अंगठ्याहून जाड मूळ शक्यतो राखावं, तोडावंच लागलं तर धारदार करवतीनं. जेसीबीचे दात मूळ कापत नाहीत, ते ओढून फाडतात.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘झाड तोडणं’ या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. पण दाबलेल्या मातीचा पंचनामा कोण करणार?

शेवटी अंगणाची लेव्हल. इतकं सांभाळलेलं झाड इथं हमखास फसतं. बुंध्यावर मुरमाचा भराव घालून घट्ट पेव्हर बसवले की खालची हवा तुटते. उंची हवीच असेल तर घराच्या बाजूला वाढवा, झाडाखालची माती आहे त्या पातळीवर उघडी ठेवा, आणि हे ठेकेदाराला काम देतानाच कागदावर लिहून द्या.