"नांदायला पाठवणं" कुठून आलं? मारहाणीमागचा घराचा जुना प्रश्न

सासरी मारहाण झाली, एखादी पोरगी जिवानिशी गेली, की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढं होत होतं तर माहेरी का नाही आली?" बहुतेक वेळा ती आलेली असते हो. येते, चार दिवस राहते, मग मामा, काका, एखादा मध्यस्थ असे सगळे बसतात, समजूत काढतात आणि तिला परत नांदायला पाठवतात. हा "नांदायला" शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की त्याच्यामागं केवढी कोर्टकचेरी झालीये ते लक्षातच येत नाही.

१८८४ साली मुंबई हायकोर्टात दादाजी भिकाजी नावाच्या नवऱ्यानं दावा लावला, माझी बायको रखमाबाई हिनं माझ्याकडं येऊन राहावं म्हणून. लग्न झालं तेव्हा ती ११ वर्षांची होती आणि दावा लागला तेव्हा विशीची, मधली सगळी वर्षं ती आईकडंच होती, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात, तिथंच शिकली, आणि तिचं म्हणणं एवढंच होतं की न कळत्या वयात लावून दिलेल्या लग्नापायी मी त्या माणसाकडं राहायला जाणार नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला पण अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एक महिन्यात नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाली, मी तुरुंगात जाईन. १८८७ सालातली बाई हे बोलतेय! टिळकांसारखी मोठी माणसं तिच्या विरोधात होती, वर्तमानपत्रांतून तिच्यावर काय काय लिहून आलं. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली, ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परत आली, आणि पुढं सुरत, राजकोटमध्ये कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले.

आता यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट. धर्म बुडाला म्हणून ओरड झाली खरी, पण बायकोला कोर्टातून घरी ओढून आणायचा हा दावा मुळात इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टांमधला, तिथून तो इकडं आला. इंग्लंडनं त्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढली, म्हणजे इकडं रखमाबाईवर दावा लागला त्याच वर्षी, आणि १९७० मध्ये तो दावाच रद्द करून टाकला. आपण मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो ठेवला. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध धरलं. तुरुंग गेला, दावा राहिला. आजही बाईनं पोटगीची केस टाकली की समोरून "नांदायला यावे" अशी वकिलाची नोटीस येते.

आता १९८२ चं पुणं. मंजुश्री नावाची तरुण मुलगी, लग्न फेब्रुवारीत झालेलं, जूनमध्ये तिचा मृत्यू. माहेर बीडचं. मधल्या काळात ती माहेरी येऊन गेली होती, बहिणीला, मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, घरच्यांना त्रास माहीत होता आणि तरी ती परत पुण्याला गेली. ती पत्रं कोर्टात पुरावा म्हणून वाचली गेली. खालच्या कोर्टात नवऱ्याला खुनाबद्दल शिक्षा झाली पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही म्हणून. निकाल काहीही लागो, पुण्यातल्या बायका या प्रकरणानंतर रस्त्यावर आल्या. तिकडं दिल्लीत हुंडाबळींवरून आंदोलनं चालूच होती, आणि १९८३ मध्ये भारतीय दंड विधानात ४९८अ हे कलम आलं, म्हणजे नवऱ्याचा आणि सासरचा छळ हा वेगळा गुन्हा झाला. १९८४ मध्ये मुंबईत पोलिसांच्याच आवारात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं बायकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, कारण पोलीस ठाण्यात "घरातलं भांडण घरात मिटवा" याच्यापुढं गाडी जातच नव्हती.

पण ४९८अ मधून नवरा आत जाईल, बाई राहणार कुठं? हे खेड्यातल्या टाकलेल्या बायकांनी आधी ओळखलं असं मला वाटतं. ८० च्या दशकाच्या शेवटी संगमनेरला परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, त्यात शेतकऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करून दिली. जमीन नावावर असली की "चालती हो" म्हणायला जीभ जड होते.

कायद्याला हे कळायला २००५ साल उजाडलं. घरगुती हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ नं पहिल्यांदा सांगितलं की घर बाईच्या नावावर नसलं तरी ज्या घरात ती नांदली तिथून तिला हाकलता येणार नाही. दोन महिने झाले नाहीत तोच, डिसेंबर २००६ मध्ये, सुप्रीम कोर्टाचाच निकाल आला की घर सासूच्या नावावर असेल तर सुनेला तिथं हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडं घरं कुणाच्या नावावर असतात? सासू-सासऱ्यांच्याच. चौदा वर्षं सुना या निकालावर अडकल्या, मग ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टानं तो बदलला.

आणि माहेरचं घर? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हक्क दिला, देशानं २००५ मध्ये. पण १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली राज्याच्या कायद्यातून वगळलेल्या होत्या. आणि ज्यांना हक्क मिळाला त्यांच्याकडून तो हक्कसोडपत्रावर सही घेऊन परत घेतला जातो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४५ टक्के बायकांनी सांगितलं की काही कारणांसाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे. पुरुष ४४ टक्के. आणि हिंसा सोसलेल्या १०० बायकांपैकी ७७ जणींनी ना कुणाची मदत मागितली ना कुणाला सांगितलं. बायकाच बायकांच्या वैरी, असं लोक यावरून म्हणतात, मला ते पटत नाही. जिला जायला दुसरं घर नाही तिला मार योग्यच आहे असं मनाला समजवावं लागतं, नाहीतर रोज त्याच घरात राहायचं कसं.

माझ्या आत्यानं हक्कसोड केलं तेव्हा मी सोबत होते. लहान होते, ऑफिसच्या बाहेर झाडाखाली बसलो होतो, भावांनी तिला साडी घेतली होती, ती पिशवी तिच्या मांडीवर. अंगठा दिल्यावर शाई पुसायला कागद मिळेना म्हणून तिनं ती पदराच्या आतल्या बाजूला पुसली. मी विचारलं, आत्या तू का सोडलंस? ती म्हणाली, "अगं उद्या काही झालं तर यायला भावाचं दार उघडं राहायला नको का?" पुढं खरंच काही झालं, तेव्हा ती आली. दार उघडं होतं. आठव्या दिवशी माझ्या काकानंच तिला एसटीत बसवून दिलं.