सेझान यांचे स्थळचित्रण : सँत-व्हिक्तवार पर्वत आणि लेस्ताकचा किनारा

दृश्यासमोर प्रत्यक्ष बसून, डोळ्यांना दिसते आहे त्याच्याशी रंगाचा प्रत्येक ठिपका ताडून पाहत निसर्गचित्र पूर्ण करण्याच्या पद्धतीस स्थळचित्रण म्हणतात. फ्रेंच चित्रकारांच्या बोलीत त्यासाठी ‘सूर ल मोतीफ’, म्हणजे चित्रविषयापाशी जाऊन काम करणे, असा शब्दप्रयोग रूढ आहे. पॉल सेझान (१८३९–१९०६) यांनी ही पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ पाळली आणि ती मुख्यतः दोन जागी कसास लावली. पहिली जागा म्हणजे दक्षिण फ्रान्समधील त्यांच्या जन्मगावाच्या, एक्स-आं-प्रोव्हांसच्या, पूर्वेस उभा असलेला १,०११ मीटर उंचीचा सँत-व्हिक्तवार हा चुनखडकाचा पर्वत; दुसरी, मार्सेय शहराच्या वायव्येस त्याच आखाताच्या काठी वसलेले लेस्ताक हे तेव्हाचे मच्छीमारांचे गाव.

उघड्यावर रंगवण्याची प्रथा सेझान यांनी सुरू केली नाही. धातूच्या नळीत भरलेले तैलरंग १८४१ पासून उपलब्ध झाल्यावर रंगसाहित्य पाठीवर टाकून रानात जाणे सोपे झाले होते आणि पॅरिसजवळच्या बार्बिझाँ गावी जमलेल्या निसर्गचित्रकारांनी त्याचा भरपूर लाभ घेतला होता. कार्यशाळेत रंगवलेले चित्र उघड्यावरच्या चित्राची बरोबरी कधीच करू शकणार नाही, असे सेझान यांनी १८६६ मध्येच आपला बालमित्र, लेखक एमिल झोला याला कळवले होते. मात्र त्यांची त्या काळातील चित्रे गडद, जाड रंगथरांची आणि पुष्कळशी कल्पनेतून आलेली आहेत. विचार आणि हात यांतील हे अंतर चित्रकार कामीय पिसारो यांच्या सहवासात मिटले. १८७२ ते १८७४ या काळात पॅरिसजवळच्या पाँत्वाझ व ओव्हेर येथे दोघे शेजारी राहून रंगवीत. तेथे सेझान यांची रंगपाटी उजळली आणि समोरच्या वस्तूकडे धीराने पाहण्याची सवय त्यांना लागली. पुढे त्यांची वाट क्षणोक्षणी पालटणारा प्रकाश टिपणाऱ्या इंप्रेशनिस्ट, म्हणजेच दृक्‌प्रत्ययवाद्यांहून वेगळी झाली, ती वेळेच्या प्रश्नावर. त्यांच्यातले क्लोद मोने प्रकाश पालटला की कॅनव्हास बदलत, कारण त्यांना हवा होता तो एक क्षण. सेझान तोच कॅनव्हास घेऊन आठवडेच्या आठवडे त्याच जागी परत जात. प्रत्यक्ष निरीक्षण म्हणजे झटपट नोंद, हे समीकरण त्यांनी मोडले, आणि त्यांच्या स्थळचित्रणाचे खरे वैशिष्ट्य तेच मानले पाहिजे.

हा संथपणा त्यांना परवडला तो लेस्ताकमुळे. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सक्तीची सैन्यभरती टाळण्यासाठी ते आपली सहचारिणी ओर्तांस फिके हिच्यासह या गावी येऊन राहिले होते. १८७६ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले तेव्हा पिसारो यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या जागेचे वर्णन पत्त्यांतल्या पानासारखे, निळ्या समुद्रावर लाल छपरे, असे केले. ऊन इतके प्रखर की वस्तू केवळ काळ्या-पांढऱ्याच नव्हे, तर निळ्या, तांबड्या, तपकिरी, जांभळ्या सपाट छायाकृतींसारख्या भासतात आणि छायाप्रकाशाने दाखवतात त्या घनतेच्या अगदी उलट काही घडते, असेही निरीक्षण त्यांनी नोंदवले. त्याच पत्रातील आणखी एक मुद्दा एरवी दुर्लक्षिला जातो, पण कारागिराच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. येथील चित्रविषयांना तीन-चार महिने लागतील आणि तेवढा वेळ देता येईल, कारण ऑलिव्ह आणि पाइन यांची पाने गळत नाहीत, असे ते सांगतात. पॅरिसच्या परिसरात ऋतू पालटला की चित्र अर्धवट राही; भूमध्य समुद्राच्या काठी झाडेच चित्रकाराला मुदत वाढवून देत होती.

लेस्ताकच्या चित्रांत चित्रकार टेकडीच्या चढावर आहे. पायाशी छपरे आणि कारखान्यांची धुराडी, त्यांच्या मागे आखात, पलीकडे मार्सेयच्या डोंगररांगा. यथादर्शनाच्या, म्हणजे सपाट चित्रात खोली भासवण्याच्या, नियमांनुसार पाणी दूर सरकत क्षितिजाला टेकायला हवे. येथे ते निळ्या भिंतीसारखे उभे राहते. लाटा नाहीत, जहाजांची लगबग नाही. अलीकडची छपरे आणि पलीकडचे डोंगर यांना सारख्याच आग्रहाने रंग मिळाल्यामुळे खोली आणि सपाटपणा एकाच वेळी जाणवतात. सागरचित्रांच्या युरोपीय परंपरेत वादळ, जहाजे आणि आकाश यांना जे स्थान होते, ते येथे घरांच्या चौकोनी आकारांना मिळाले आहे.

पर्वताचे चित्रविषय म्हणून महत्त्व त्यांना, गमतीची गोष्ट अशी, आगगाडीच्या खिडकीतून पटले. एक्स आणि मार्सेय यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरून जाताना दिसलेल्या सँत-व्हिक्तवारचा उल्लेख त्यांनी एप्रिल १८७८ मध्ये झोलाला लिहिलेल्या पत्रात केला आहे. आर्क नदीच्या खोऱ्यातला त्या मार्गाचा उंच कमानींचा पूलही पुढे त्यांच्या चित्रांत शिरला. पर्वत अर्थातच लहानपणापासून ओळखीचा होता. भूगर्भशास्त्राचा जाणकार फॉर्त्युने मारियाँ हा तरुणपणीचा मित्र त्यांच्यासोबत रानोमाळ हिंडे, आणि प्रोव्हांसच्या खडकांची घडण सेझान यांना त्याच्याकडून समजली होती. तैलरंगांत या पर्वताची तीसहून अधिक चित्रे त्यांनी केली; जलरंगांतील चित्रे वेगळीच. १८८० च्या दशकातील चित्रांत पर्वत दूर आहे आणि अग्रभागी पाइनचे झाड आहे. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातील सुमारे १८८७ च्या चित्रात पाइनची फांदी पर्वताच्या शिरोरेषेला समांतर वळते, त्यामुळे हाताशी असलेले झाड आणि कित्येक कोस दूरचा कडा एकाच आकारबंधात गुंफले जातात. १८९५ पासून ते बिबेम्युसच्या जुन्या दगडखाणीत काम करू लागले. तेथे गेरूच्या रंगाच्या खडकांवर पर्वत थेट डोक्यावर आल्यासारखा वाटतो. १९०२ मध्ये एक्सच्या उत्तरेस ले लोव्ह टेकडीवर त्यांची नवी कार्यशाळा तयार झाली. तिच्यापासून थोडे वर चढून गेले की पूर्ण पर्वत आणि त्याच्या पायथ्याचे मैदान नजरेत येई. अखेरची चित्रे तेथली आहेत.

सेझान एकमेकांना समांतर, बहुधा तिरके, लहान फटकारे देत पृष्ठभाग भरीत. समोर दिसणारा रंगातला प्रत्येक फरक वेगळ्या फटकाऱ्यात उतरे आणि एक फटकारा बदलला की शेजारचे सगळे पुन्हा तपासावे लागे. कडेची रेषा ते एकदाच ठामपणे ओढत नसत. निळ्या रंगाच्या अनेक तुटक रेषा एकमेकींशेजारी येत. अखेरच्या काळात, आणि जलरंगांत तर सर्रास, कागद वा कॅनव्हास कोराच राखलेला दिसतो. ज्या रंगाची खात्री पटली नाही, तो भरायचा नाही, असे त्यामागचे धोरण दिसते. जॉन रेवाल्ड या कलेतिहासकाराने १९३० च्या दशकात या जागांची छायाचित्रे घेतली. ती चित्रांशेजारी ठेवली असता पर्वत चित्रात अधिक उंच व जवळ आलेला आढळतो. ही निरीक्षणातील चूक नव्हे; दूरचा पर्वत डोळ्याला छायाचित्रात येतो त्याहून मोठा भासतो.

निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या आधारे पाहावे, हे चित्रकार एमिल बेर्नार याला एप्रिल १९०४ मध्ये लिहिलेले वाक्य फार वेळा उद्धृत होते आणि त्यावरून सेझान यांना भूमितीचे पुजारी ठरवले जाते. पण त्याच पत्रात निसर्ग आपल्याला पृष्ठभागापेक्षा खोलीत अधिक जाणवतो, म्हणून तांबड्या-पिवळ्याच्या स्पंदनांत हवेचा भास होण्याइतका निळा मिसळावा लागतो, असे पुढे येते. हा दुसरा भागच त्यांच्या पर्वतचित्रांशी अधिक जुळतो. त्यांत शंकू शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही, निळा मात्र सर्वत्र भेटतो.

परक्या जागेत ही पद्धत त्यांना सहज साधत नसे. १८९६ मध्ये आल्प्समधील आनसी सरोवराकाठी रंगवताना, प्रवासी तरुणींच्या वह्यांत असतो तसला हा निसर्ग, अशी कुरकूर त्यांनी केली, जरी तेथे झालेले चित्र उत्तम आहे. उलट सप्टेंबर १९०६ मध्ये एक्सजवळच्या नदीकाठाहून मुलाला पाठवलेल्या पत्रात ते म्हणतात की जागा न सोडता, नुसते किंचित उजवीकडे वा डावीकडे झुकून, महिनोन्‌महिने पुरतील इतके विषय येथे आहेत. त्यानंतर महिन्याभराने, १५ ऑक्टोबर रोजी, उघड्यावर काम करताना ते वादळी पावसात सापडले आणि धोब्याच्या गाडीतून त्यांना घरी आणावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा बागेत व्हालिए या माळ्याचे व्यक्तिचित्र रंगवायला गेले. आठवड्याभरात त्यांचे निधन झाले.

१९०७ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. तरुण चित्रकार जॉर्ज ब्राक त्याआधीपासूनच लेस्ताकला जाऊ लागला होता. त्याने १९०८ मध्ये तेथील घरे रंगवली, तेव्हा समीक्षक लुई व्होक्सेल याने त्यांतील ‘घनां’वर टीका केली आणि घनवाद (क्युबिझम) हे नाव त्यातून रूढ झाले. भारतीय कलेशी या परंपरेचा एक थेट धागा मुंबईतून जातो. नागपूर येथे आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले सैयद हैदर रझा १९४८ मध्ये काश्मीरमध्ये निसर्गचित्रे करीत असताना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहिली, त्यांत रचनेचा अभाव असल्याचे सांगितले आणि सेझान अभ्यासण्याचा सल्ला दिला. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले. त्यांच्या लगेचच्या चित्रांत दक्षिण फ्रान्समधील गावांची घरे कोनीय आकारांत एकावर एक रचलेली दिसतात. तोवरच्या त्यांच्या मुंबईच्या व काश्मीरच्या जलरंगचित्रांतली ओली, वाहती रंगछटा त्यांत उरलेली नाही.