कुशन हिरा: वजनाच्या मोहातून घडलेला घाट

आमच्या भाचीच्या साखरपुड्याआधी महिनाभर घरात एकच विषय होता, अंगठीचा. तिला कुशन कट हिरा हवा होता. म्हणजे चौकोनी, पण चारही कोपरे गोलसर आणि बाजू किंचित फुगीर, उशीसारखा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर गेलो, तेव्हा पेढीवरच्या माणसाने कागदाच्या दोन पुड्या उलगडून दोन हिरे आमच्यापुढे ठेवले. दोन्ही एक कॅरटचे, रंग आणि स्वच्छता प्रमाणपत्रावर अगदी सारखी. तो दोन्हींना कुशनच म्हणत होता. पण एका हिऱ्यात मोजके मोठे पैलू सावकाश उजळत आणि विझत होते, तर दुसरा कुटलेल्या बर्फासारखा बारीक बारीक लुकलुकत होता. शिवाय दुसरा दिसायलाही लहान वाटत होता. वजन तेवढंच, मग लहान का?

या प्रश्नाचं उत्तर हिऱ्यांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास सुरू होतो आपल्याच नदीच्या काठावर.

ब्राझीलमध्ये १७२०च्या दशकात हिरे सापडेपर्यंत जगातले जवळपास सगळे हिरे हिंदुस्थानातून जात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध खाण कोल्लूरची, कृष्णेच्या दक्षिण काठावर. महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, सांगली करत पुढे जाणारी हीच कृष्णा. (ते हिरे सह्याद्रीतून वाहून गेलेले नव्हेत. आपल्या काळ्या पाषाणात हिरा नाही. तो आंध्रातल्या फार जुन्या खडकांतला.) सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी कोल्लूरला जाऊन आला. तिथे साठ हजार माणसं काम करतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

खाणीतून निघणारा चांगला हिरा बहुधा अष्टफलक असतो, दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसा. मधून पाहिला तर चौकोनी. आपल्याकडच्या जुन्या रत्नपारख्यांना हा निसर्गाने दिलेला आकारच पूज्य वाटे. शक्यतो तो मोडायचा नाही, डाग झाकण्यापुरते पैलू पाडायचे आणि वजन राखायचं, अशी इथली रीत. युरोपातले कारागीर वेगळ्या गोष्टीमागे होते. हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतून उसळून परत डोळ्यांकडे यावा, यासाठी ते दगड घासून कमी करायला तयार असत. १६९८च्या सुमारास कोल्लूरला सापडलेला ४१० कॅरटचा खडा मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने विकत घेतला आणि लंडनला कापायला दिला. त्यातून १४०.६४ कॅरटचा 'रीजंट' निघाला, तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दोनतृतीयांश हिरा गेला, पण हाती आला तो कुशन घाटाच्या उत्तम नमुन्यांतला एक.

वजन आणि प्रकाश यांची ही ओढाताण मराठी मुलखालाही चुकली नाही. नाशिकचा हिरा म्हणून ओळखला जाणारा खडा पेशव्यांकडून १८१८ च्या युद्धात कंपनी सरकारच्या हाती गेला. तो त्र्यंबकेश्वराचा होता, अशी परंपरा आहे. तेव्हा तो नव्वद कॅरटच्या आसपास होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी त्याचे पैलू सुधारले ते वजनाला फारसा धक्का न लावता, ऐंशीच्या वर राखून. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तोच हिरा पुन्हा कापला आणि ४३.३८ कॅरटवर आणला. कोहिनूरचंही तेच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावल्या आणि निराश होऊन परतले, कारण हिरा चमकतच नव्हता. पुढल्या वर्षी १८६ कॅरटचा कोहिनूर कापून १०५.६ कॅरटचा केला गेला. हे वाचताना माझा जीव आजही तुटतो. पण तो कापला का गेला, हे कळल्याशिवाय कुशनही कळत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात एक तडजोड रुजली, तीच कुशनची पूर्वज. अष्टफलकाचं वरचं टोक कापून माथा सपाट करायचा, कोपरे गोल करायचे, पैलू साधारण ५८ पाडायचे आणि मूळ खड्याची चौकोनी बाह्यरेषा राहू द्यायची. गोल हिरा काढायचा तर चारही कोपरे घासून धुळीत घालवावे लागतात. चौकोनी ठेवला की ते वजन वाचतं. म्हणून हे हिरे उंच डोक्याचे, छोट्या माथ्याचे आणि खोल पोटाचे असत, आणि तळाचं टोकही थोडं कापून सपाट केलेलं असे. ते पाहिले जायचे मेणबत्तीच्या नाहीतर तेलाच्या दिव्याच्या उजेडात. मंद, हलत्या ज्योतीला मोठे पैलूच उत्तर देतात. दक्षिण आफ्रिकेत १८६७ नंतर नव्या खाणी सापडल्या, तेव्हा व्यापाऱ्यांनी आधीच्या, हिंदुस्थानी आणि ब्राझिली मालासारख्या घडणीला 'ओल्ड माइन कट' म्हणायला सुरुवात केली. नाव उतारवयात मिळालं.

आफ्रिकेचा माल आपल्या घरांतही आला, आणि त्याची एक खूण मराठीत अजून जिवंत आहे. 'ब्लू जागर हिऱ्यांच्या कुड्या' हे शब्द सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत ऐकू येतात. ही जागर म्हणजे यागर्सफोंटेन खाण. १८९३ मध्ये तिथे ९९५ कॅरटचा 'एक्सेलसिअर' सापडला होता. तिथल्या चांगल्या खड्यांत निळसर झाक असे, आणि ती झाक हीच प्रतीची खूण ठरली. माझ्या आजीच्या कुड्या आता बहिणीकडे आहेत. प्रत्येक कुडीत सात खडे, मधे एक आणि भोवती सहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून मधल्या खड्यात पाहिलं, तर माथ्यातून सरळ तळाशी एक बारीक गोल खिडकी दिसते. तेच ते कापलेलं टोक. कडेला घासाच्या रेषा आहेत, पैलू एकसारखे नाहीत. कुण्या कारागिराने यंत्राच्या मापाशिवाय, डोळ्याने तोलून पाडलेले.

मग यंत्रं आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिरा फिरवून गोल घासणारं यंत्र निघालं आणि विसाव्याच्या आरंभी फिरत्या चकतीची करवत. अष्टफलक मधून चिरून दोन गोल हिरे काढणं परवडू लागलं. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने गोल हिऱ्याच्या कोनांचं गणित मांडलं आणि गोल घाट पुढे निघून गेला. घरोघरचे जुने चौकोनी खडे गोल करायला टाकले गेले. कुशन म्हणजे आजीच्या डब्यातली वस्तू झाली.

तिचं पुनरागमन झालं ते मात्र दुसऱ्याच रूपात. १९७७ मध्ये हेन्री ग्रॉसबार्ड यांनी 'रेडियंट' हा चौकोनी घाट आणला, ज्यात हिऱ्याच्या पोटाखाली पुष्कळ बारीक पैलू होते. पुढच्या काळात कुशनच्या पोटातही पैलूंची अशीच जादा रांग पाडली जाऊ लागली. आकार उशीचाच, पण आतून चमक चुरगळलेली. जीआयए या हिरे पारखणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणपत्रावर साध्या घडणीच्या खड्याला 'कुशन ब्रिलियंट' आणि पोटात जादा रांग पाडलेल्याला 'कुशन मॉडिफाईड ब्रिलियंट' लिहिलेलं असतं. पेढीवरच्या आमच्या दोन पुड्यांमधला फरक या एका शब्दात होता. तरी निव्वळ शब्दावर विसंबू नये. मॉडिफाईड कुशनमध्येही मोठ्या पैलूंचे देखणे नमुने मिळतात, आणि साध्या ब्रिलियंटमध्ये निस्तेज. पाहावंच लागतं.

पाहावं लागतं, याचं आणखी एक कारण आहे. जीआयए २००६ पासून गोल हिऱ्याच्या घडणीला श्रेणी देते, कुशनच्या नाही. कुशनच्या कागदावर 'एक्सलंट' दिसलं, तर ते पॉलिश आणि सममिती यांच्यासाठी असतं. हिरा प्रकाश कसा परतवतो, याबद्दल त्यात काही नसतं. नेमकी इथेच फसगत होते. आमच्या घरात पूर्वी एकदा झाली आहे. 'सगळं एक्सलंट आहे' ऐकून घेतलेला खडा अंगठीत बसला, तेव्हा मधोमध मेलेला दिसला. दुकानाच्या प्रखर दिव्यांखाली ते कळलं नव्हतं, घरी खिडकीशी आल्यावर कळलं.

आता मापं सांगतो. पहिला हिरा ५.९ गुणिले ५.६ मिलीमीटर, खोली ३.७५. दुसरा ५.५ गुणिले ५.४, खोली ४.१५. खोलीला रुंदीने भागलं की पहिल्याची ६७ टक्के येते, दुसऱ्याची ७७. दुसऱ्याचं वजन पोटात दडलं आहे आणि वरून दिसणारा चेहरा दहावा हिस्सा लहान झाला आहे. ही वजनाची जुनीच ओढ. कॅरटवर दाम ठरतो, म्हणून कापणारा आजही पोट सोडत नाही. कुशनची खोली साधारण सत्तरच्या आत असावी, असं माझं मत. पण त्याहून सोपा नियम म्हणजे कॅरट विचारण्याआधी मिलीमीटर विचारावेत. एक कॅरटचा चांगला गोल हिरा साडेसहा मिलीमीटरच्या आसपास असतो, कुशन त्याहून लहानच दिसणार. त्या बदल्यात कुशनचा कॅरटचा भाव गोलपेक्षा सहसा कमी असतो.

लांबीला रुंदीने भागून येणारा आकडा १.०५ पर्यंत असेल, तर हिरा चौरस दिसतो. १.१५ च्या पुढे लांबट. लांबट खड्यात मधोमध फुलपाखरी टायसारखी काळी सावली येते का, तेवढं पाहावं. रंगाबाबत कुशन गोलपेक्षा कडक आहे. आतला पिवळा अंश तो दाखवतो, आणि म्हणूनच पिवळे हिरे मुद्दाम या घाटात कापतात. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लेच्या २८७ कॅरटच्या खड्यातून ८२ पैलूंचा, १२८.५४ कॅरटचा, न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीचा पिवळा कुशन घडला, तो याच कारणाने विलक्षण दिसतो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये बसवायचा असेल, तर जी-एच रंगाच्या खाली जाऊ नये (रंगाच्या श्रेण्या रंगहीन 'डी'पासून पिवळट 'झेड'पर्यंत उतरत जातात). पिवळ्या सोन्यात 'जे' श्रेणीचा रंगही खुलतो. स्वच्छतेवर मात्र पैसे ओतण्यात अर्थ नाही. व्हीएस-२ म्हणजे अगदी बारीक डागांचा, नीट पारखला तर एसआय-१ म्हणजे त्याखालच्या श्रेणीचा सुद्धा, नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसतो.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. ऐरणीवर ठेवून घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. फुटतो. हिरा कठीण आहे, म्हणजे त्याच्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण ठरावीक दिशेने आघात बसला की तो चिरतो. टोकदार कोपऱ्यांच्या प्रिन्सेस कटपेक्षा गोल कोपऱ्यांचा कुशन रोजच्या वापराला सुरक्षित, तो याचसाठी.

साखरपुड्याला अंगठी हवीच, हा हट्ट आपल्याकडे फार जुना नाही. साखरेचा पुडा, कुंकू, नारळ आणि साडी यात सोहळा पुरा होत असे. हिऱ्याच्या वाङ्निश्चयाच्या अंगठीचं युरोपातलं प्रसिद्ध उदाहरण १४७७ चं, आर्चड्यूक मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला दिलेलं. ती घरोघर पोचवली डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातींनी. हिरा कायमचा, हे त्यांचं वाक्य १९४७ चं. आपल्याकडे ती पद्धत त्यानंतर बऱ्याच काळाने मुरली.

आणि सांगलीकरांना हिऱ्याच्या बाबतीत अधिक सावध का राहायला हवं, तर आपण सोन्याची माणसं. १८३२ मध्ये गाडगीळांची पेढी इथे उभी राहिली. विटा, खानापूर, आटपाडीचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळण्याचं काम घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. सोन्याचा कस आपल्याला कसोटीवर कळतो, आता हॉलमार्कही आहे. पण तो हॉलमार्क अंगठीच्या सोन्याचा, खड्याचा नव्हे. खड्यासाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यावं आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक भिंगातून त्याच्याशी ताडून पाहावा. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घेतलात तरी हे सगळं तसंच लागू. तोही हिराच आहे, फक्त कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि किंमत पुष्कळच कमी हवी.

पेढीवरच्या माणसाला आम्ही दोन्ही हिरे दुकानाबाहेर, सावलीत पाहू द्यायची विनंती केली. तो स्वतः बरोबर आला. भाचीने दोन्ही खडे बोटांच्या बेचक्यात धरून हात हळूहळू हलवला. बाहेरच्या साध्या उजेडात दुसरा हिरा राखाडी झाला. पहिला तसाच राहिला. तिने तोच घेतला, पिवळ्या सोन्यात, चार पंजांच्या साध्या बैठकीत.

साखरपुड्याच्या दिवशी औक्षणाचं तबक तिच्यापुढे आलं, तेव्हा निरांजनाच्या ज्योतीत त्या हिऱ्याचे चार-पाच मोठे पैलू आळीपाळीने पेटत होते. तबक धरलेल्या माझ्या बहिणीच्या कानात आजीच्या कुड्या होत्या, त्यांचे मधले खडेही तसेच.