नॅस बॉक्सवरचं जुनं अँटीव्हायरस ठेवावं की काढावं?

लग्नाचे शूट जपणारे स्टुडिओवाले, जुन्या पट्ट्या सांभाळणारे मोंढ्यातले आडतदार, घरच्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो एका जागी ठेवणारी कुटुंबं. लातुरात आम्ही ज्यांच्याकडे नॅस बॉक्स (घरच्या किंवा दुकानाच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारी हार्ड डिस्कची पेटी) बसवले, त्यांच्याकडून चार-पाच वर्षांनी एक प्रश्न हमखास येतो: “बॉक्समधल्या अँटीव्हायरसचं अपडेट बंद पडलंय. राहू द्यावं का? नसल्यापेक्षा बरं ना?”

आमचं उत्तर आहे, बंद करा.

हे अँटीव्हायरस सहसा फाइल येताक्षणी अडवत नाही. ठरलेल्या वेळी फोल्डर धुंडाळतं आणि प्रत्येक फाइल आपल्याजवळच्या, ओळखीच्या व्हायरसांच्या यादीशी ताडून बघतं. यादी २०२१ ची असेल, तर त्यानंतर आलेले बहुतेक व्हायरस त्याला ओळखू येत नाहीत. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीचं मोफत अँटीव्हायरस आतून क्लॅमएव्ही नावाचं मोफत अँटीव्हायरसच आहे. त्याच्या ०.१०३ या मालिकेचा पाठिंबा सप्टेंबर २०२४ मध्ये संपला, आणि पाठिंबा संपलेल्या आवृत्तीला नवी यादी मिळेलच असं नाही. पडद्यावर मात्र हिरवी खूण तशीच राहते. काहीजण आयकार नावाची ६८ अक्षरांची चाचणी फाइल टाकून खात्री करून घेतात. ती तर वीस वर्षांपूर्वीचं अँटीव्हायरसही पकडतं. यादीची तारीख बघा, तेवढं पुरे.

जुनं अँटीव्हायरस निरुपयोगी असतं, इतकंच असतं तर आम्ही ‘असू द्या’ म्हटलं असतं. पण ते फाइल तपासायला आतून उघडतं, आणि त्या उघडण्यातच चूक असली तर कुंपणच शेत खातं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लॅमएव्हीत अशी चूक जाहीर झाली: मुद्दाम बनवलेली एक फाइल तपासायला घेतली, की हल्लेखोराला आपला प्रोग्राम तिथे चालवता येत होता. धोक्याचं मोजमाप १० पैकी ९.८. दुरुस्ती आली, पण ती अपडेट करणाऱ्यांनाच मिळाली.

वर मेमरीचा भार. क्लॅमएव्ही बनवणारे किमान ३ जीबी रॅम सुचवतात. घरगुती जुन्या बॉक्समध्ये कित्येकदा ५१२ एमबीच असते. मे महिन्याच्या दुपारी माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत त्या बॉक्सला स्कॅन लावला, तर हार्ड डिस्क आधी जाईल, व्हायरस नंतर.

नॅसवर गाजलेले हल्ले बघितले, तर अँटीव्हायरस ताजं असतं तरी फारसं काही करू शकलं नसतं. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या बॉक्सवर क्यूलॉकर हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आलं. त्यानं सेव्हन-झिप या साध्या, सगळ्यांच्या वापरातल्या साधनानेच फाइली पासवर्ड लावून बांधून टाकल्या. त्यात अँटीव्हायरसने पकडावं असं काय होतं? हल्लेखोर शिरले होते ते इंटरनेटवर उघड्या असलेल्या बॉक्समधल्या चुकीतून. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह हे नॅस बॉक्स हल्ल्यात जगभर रिकामे झाले. त्यांचं शेवटचं अपडेट २०१५ चं होतं. कधी रॅन्समवेअर घरच्या कॉम्प्युटरवर शिरतं आणि तिथून शेअर फोल्डरमधल्या फाइली कुलूपबंद करतं. बॉक्सला वाटतं, मालकच फाइली बदलतोय.

म्हणून आमच्याकडे बॉक्स आणलात, की पहिल्यांदा राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट बॉक्सपर्यंत येऊ देणारी वाट) बंद करतो. मग बॉक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करतो, ‘अ‍ॅडमिन’ नावाचं खातं बंद करतो, एसएमबी १ ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत काढतो (मे २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर त्यातूनच पसरलं) आणि चालत असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची ठरावीक वेळची जपून ठेवलेली स्थिती, लावतो. स्नॅपशॉट असेल तर काल कुलूपबंद झालेला फोल्डर परवाच्या स्थितीत परत आणता येतो. त्यासाठी बॉक्सचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र हल्लेखोराच्या हाती लागलेला नसावा. याशिवाय एक वेगळी हार्ड डिस्क घ्या. आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. वीज गेली काय, रॅन्समवेअर आलं काय, कपाटातल्या डिस्कला फरक पडत नाही. हा सल्ला सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात कमी पाळला जातो.

अँटीव्हायरस अजून अपडेट होत असेल, रॅम पुरेशी असेल आणि घरात तीन-चार कॉम्प्युटर किंवा बाहेरचे पेनड्राइव्ह त्याच बॉक्सला लागत असतील, तर खुशाल ठेवा. स्कॅन रात्री लावा. खरी राखण मात्र कॉम्प्युटरवर हवी, कारण विंडोजचा व्हायरस चालतो तो तिथेच. विंडोजसोबत येणारं डिफेंडर त्याला पुरतं, फक्त विंडोज १० वाल्यांनी लक्षात ठेवावं की त्याची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

तपासणीला येताना बॉक्ससोबत अ‍ॅडॉप्टर आणि राऊटरचा पासवर्ड आणा. डिस्क काढून आणू नका; त्यांचा क्रम चुकला, तर आमचं आणि तुमचं दोघांचंही काम वाढतं.