50 बाय 49.5

सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर, दट्ट्याची खालीवर धाव 49.5 मिलिमीटर. त्यावरून घनफळ काढलं की 97.2 घन सेंटिमीटर येतात. हिरो होंडाच्या 1985 सालच्या 'सीडी 100' मोटरसायकलच्या इंजिनाचं हे माप, 1994 च्या 'स्प्लेंडर'चं हेच, आणि आजच्या 'स्प्लेंडर प्लस'चंही हेच. स्टिकर दर दोन वर्षांनी बदलतात, सिलिंडर तेवढाच.

सीडी 100 आली तेव्हा रस्त्यावर टू-स्ट्रोकचा बोलबाला होता. यामाहाची आरएक्स 100 त्याच वर्षीची. टू-स्ट्रोकला पिकअप जबरदस्त, कारण दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो. पण धूर बाहेर जायचं दार आणि ताजं मिश्रण आत यायचं दार काही क्षण एकदमच उघडी असतात. त्या गडबडीत थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन्ही दारांवर व्हॉल्व्हचा पहारा असतो. स्फोट दोन फेऱ्यांतून एकदाच, म्हणून पिकअप बेताचा. पण अ‍ॅव्हरेज दणदणीत. 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही जाहिरात त्याच जोरावर चालली.

हा सिलिंडर उभा नसतो, जवळजवळ आडवा, तोंड पुढच्या चाकाकडे. ही ठेवण होंडाच्या 1958 च्या 'सुपर कब'पासूनची. जिथे सगळ्यात जास्त तापतं तो वरचा भाग थेट वाऱ्यात येतो, आणि इंजिनाचं वजन खाली राहतं. पावसाळ्यात चिखल मात्र थेट त्याच वरच्या भागावर.

हे इंजिन टिकतं कशामुळे? मला वाटतं, आखूड धावेमुळे. मिनिटाला 4,000 फेरे असताना दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी जेमतेम 24 किलोमीटर. गाडी त्याहून कितीतरी वेगाने पळत असली तरी आत दट्ट्या सायकलच्याच चालीने चाललेला असतो. मग दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजणार किती?

खरी उलथापालथ झाली ती सिलिंडरच्या बाहेर. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्बोरेटर गेला. धुरातले विषारी वायू मारणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला एक भाग पेट्रोलमागे वजनाने 14.7 भाग हवा लागते, आणि हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावं लागतं. स्क्रू पिळून केलेल्या ट्यूनिंगला ते जमणारं नव्हतं. आता धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

त्याबरोबर गार इंजिन सुरू करायचा चोक गेला, पेट्रोलचा कॉकही गेला. चालत्या गाडीत इंजिन खोकायला लागलं की डावा हात खाली घालून चाचपत कॉक रिझर्व्हला फिरवायचा, ही कसरत संपली. तेही आटलं की गाडी डावीकडे आडवी करायची. कारण टाकी चेसिसच्या नळीवर खोगिरासारखी बसते, आणि उजव्या बाजूला अडकलेलं पेट्रोल नळीवरून डावीकडच्या कॉकपाशी ओतावं लागतं. आता टाकीत विजेवर चालणारा पंप आहे.

किक मात्र अजून आहे. पण बॅटरी पार बसली असेल, तर किक मारून पंप जागा होईलच असं नाही.