इराणविषयक ब्रिटिश वकिलाती अहवाल (१९१९–३९)

तेहरानची ब्रिटिश वकिलात, तिच्या हाताखालील कॉन्सल कचेऱ्या आणि बुशहरची रेसिडेन्सी यांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडन व दिल्ली येथे धाडलेले खलिते, तारा, रोजनिशा व वार्षिक अहवाल यांचा समुच्चय. त्यांतील राजकीय मजकुराची (१९१९ चा ब्रिटन-इराण करार, फेब्रुवारी १९२१ मधील सत्तांतर, मोहम्मराचा शेख खझअल याचा पाडाव) चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत नोंद न्यायव्यवस्था व व्यापार यांविषयीच्या भागापुरती आहे. मार्च १९३५ च्या नवरोजपासून इराण सरकारच्या विनंतीवरून ‘पर्शिया’ऐवजी ‘इराण’ हे नाव ब्रिटिश कागदांत आले. पुढे दुसऱ्या महायुद्धात इराकशी गल्लत होऊ नये म्हणून चर्चिल यांनी जुने नाव पुन्हा चालू केले. त्यामुळे सूचींमध्ये दोन्ही नावांखाली पाहावे लागते.

अहवाल लिहिणारे दोन वेगळ्या नोकऱ्यांतले होते. तेहरानची वकिलात परराष्ट्र खात्याची. तेथील प्रमुख अनुक्रमे सर पर्सी कॉक्स (हंगामी), हर्मन नॉर्मन, सर पर्सी लोरेन (१९२१–२६), सर रॉबर्ट क्लाइव्ह (१९२६–३१), सर रेजिनाल्ड होर (१९३१–३४), सर ह्यू नॅचबुल-ह्युजेसन (१९३४–३६) आणि होरेस सीमोर (१९३६–३९). तबरीझसारख्या उत्तरेकडील ठाण्यांवर लेव्हांट कॉन्सल सेवेतील माणसे असत, तर दक्षिणेस व पूर्वेस बहुधा हिंदुस्थान सरकारच्या राजकीय खात्यातील अधिकारी नेमले जात. बुशहरचा पोलिटिकल रेसिडेंट हा एकाच वेळी आखातातील हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी आणि इराणच्या किनाऱ्याचा कॉन्सल-जनरल होता. १८७३ पर्यंत ही रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या ताब्यात होती, नंतर ती थेट हिंदुस्थान सरकारकडे गेली. एकाच घटनेवर तेहरान व बुशहर येथून आलेले अहवाल जुळत नाहीत, याचे कारण पुष्कळदा या दुहेरी चाकरीत सापडते. रेसिडेंटला आखातातील दबदब्याची काळजी, तर तेहरानच्या ब्रिटिश वकिलाला शाहच्या दरबाराशी बिघाड नको.

प्रदेशबाह्य न्यायाधिकाराचा, म्हणजे परकीयांचे दावे त्यांच्याच कॉन्सलने चालवण्याच्या विशेष हक्काचा, उगम हा या कागदांतील सर्वांत वादग्रस्त प्रश्न. रशियाने फेब्रुवारी १८२८ च्या तुर्कमानचाय तहासोबत केलेल्या व्यापारी करारान्वये रशियन प्रजाजनांचे आपसांतील दावे रशियन कॉन्सलकडे गेले आणि आयात-निर्यातीवर पाच टक्के जकात ठरली. ब्रिटनला हेच हक्क केव्हा मिळाले याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार ऑक्टोबर १८४१ च्या व्यापारी करारातील ‘परमानुगृहीत राष्ट्र’ कलमानेच (इतर कोणत्याही राष्ट्राला दिलेली सर्वांत अनुकूल वागणूक आपोआप मिळवून देणाऱ्या कलमाने) ते मिळाले. दुसऱ्या मतानुसार तो करार मुख्यतः जकात व व्यापारी प्रतिनिधी यांच्यापुरता होता, आणि न्यायाधिकाराचा भक्कम पाया ४ मार्च १८५७ च्या पॅरिस तहाच्या नवव्या कलमात आहे. हा तह मुंबई इलाख्याच्या फौजेने बुशहर घेतल्यावर झाला. त्याचे नववे कलम व्यापाराबरोबर प्रजाजनांनाही परमानुगृहीत राष्ट्राची वागणूक देते, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. याच तहाच्या बाराव्या कलमाने वकिलातीच्या प्रत्यक्ष नोकरीत नसलेल्या इराणी प्रजेला संरक्षण देण्याचा हक्क ब्रिटनने सोडला होता. विसाव्या शतकातील कित्येक कॉन्सलांना या कलमाची सोयीस्कर विस्मृती झालेली दिसते.

अंमलबजावणी मात्र दोन ब्रिटिश राजाज्ञांनी चाले : १८८९ ची देशांतर्गत भागासाठी आणि १९०७ ची किनारा व बेटे यांसाठी. दुसरीखाली हिंदुस्थानी कायदे लागू होत आणि अपिलाचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाकडे जाई. इराणी व परकी यांच्यातील मिश्र दावे इराणी परराष्ट्र खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यापुढे, म्हणजे कारगुजारापुढे, कॉन्सलच्या दुभाष्याच्या उपस्थितीत चालत. तेथे लेखी कार्यपद्धती क्षीण होती. निकाल लागला तरी वसुली गव्हर्नरच्या मर्जीवर अवलंबून राही. १९२७ पूर्वीच्या अहवालांतील बरीचशी पाने अशा थकलेल्या वसुलीच्या याद्यांनीच भरली आहेत.

इराणने या विशेष हक्कांवर पहिला घाव जुलै १९१८ मध्ये समसाम-उस-सलतनेच्या मंत्रिमंडळाच्या ठरावाने घातला. ब्रिटनने तो मानला नाही. २६ फेब्रुवारी १९२१ च्या तहात सोव्हिएत रशियाने आपले विशेष हक्क सोडले, तेव्हा मूळच गेल्यावर त्यावर आधारलेले परमानुगृहीत हक्क कसे उरतील, हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्स (१८५५), अमेरिका (१८५६) व जर्मनी (१८७३) यांचेही स्वतंत्र तह असल्यामुळे आधार पूर्णपणे नाहीसा झाला नव्हता, हे ब्रिटिश बाजूचे उत्तर. कायद्याच्या दृष्टीने ते टिकण्याजोगे असले तरी राजकीयदृष्ट्या दुबळे होते.

न्यायमंत्री अली अकबर दावर यांनी फेब्रुवारी १९२७ मध्ये जुने न्यायखाते बरखास्त करून नव्या न्यायालयांची उभारणी केली. त्यांच्या उद्‌घाटनप्रसंगी २६ एप्रिल १९२७ रोजी रझा शाहने विशेष हक्क रद्द करण्याची आज्ञा दिली. मुदत एका वर्षाची, १० मे १९२८ पर्यंतची होती. कारगुजारांची न्यायालये त्याच वर्षी संपली. नागरी संहितेचा पहिला खंड मे १९२८ मध्ये, मुदत संपण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी मंजूर झाला. ३ मेचा जकात-स्वायत्ततेचा कायदा आणि १० मेचा ब्रिटनशी झालेला जकात करार हेही याच घाईतले. क्लाइव्ह यांची बोलणी प्रामुख्याने दरबारमंत्री तैमूरताश यांच्याशी झाली. त्यांतून मिळालेली हमीपत्रे अहवालांत वारंवार उद्‌धृत होतात. त्यांतील मुख्य तरतुदी अशा : परकीयांवर केवळ न्यायखात्याच्या सामान्य न्यायालयांचा अधिकार, धार्मिक न्यायालयांचा नाही, धर्मनिरपेक्ष कायद्यांचाच अंमल, वॉरंटाशिवाय चोवीस तासांपलीकडे अटक नाही, जामिनाची सोय, कैद्यास कॉन्सलची भेट, विवाह, वारसा इत्यादी वैयक्तिक बाबींत स्वदेशाचा कायदा. १९२८ नंतरच्या न्यायविषयक परिच्छेदांत प्रत्येक खटला या कलमांशी ताडून पाहिलेला असतो. त्यामुळे ते वाचताना हमीपत्राचा मजकूर शेजारी असावा, नाहीतर तक्रार कोणत्या मुद्द्यावर आहे तेच कळत नाही.

त्यानंतर कायद्यांचा ओघ वाढला. राष्ट्रीयत्वाचा कायदा (सप्टेंबर १९२९), परक्यांना शेतजमीन बाळगण्यास बंदी व कंपन्यांची सक्तीची नोंदणी (दोन्ही जून १९३१), दस्तनोंदणीचा कायदा (मार्च १९३२) आणि नवी व्यापार संहिता (मे १९३२) हे त्यांतील प्रमुख. मुंबईच्या दृष्टीने राष्ट्रीयत्वाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. यझ्द व किरमान येथून मुंबईत येऊन ब्रिटिश प्रजाजन झालेले इराणी जरथुश्ती परत मायदेशी गेले, की इराण सरकार त्यांना आपलेच मानी. सरकारच्या परवानगीविना घेतलेले परके नागरिकत्व तेथे ग्राह्य नव्हते. जरथुश्तींच्या गाऱ्हाण्यांची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये धाडलेले माणेकजी लिमजी हतारिया यांच्या खटपटीने १८८२ मध्ये त्यांच्यावरील जिझिया उठला. १८९३ पासून १९३३ पर्यंत तेहरानमध्ये पारशांचे प्रतिनिधी असलेले अर्देशिर रिपोर्टर यांनी रझाखानास (पुढील रझा शाह) ब्रिटिशांपुढे आणले, असे सांगितले जाते. त्याचा आधार मुख्यतः त्यांच्या नावे नंतर प्रसिद्ध झालेल्या आठवणी हा असून त्यांच्या अस्सलपणाविषयी शंका घेतली गेली आहे. ते विधान जपूनच वापरावे.

व्यापारविषयक अहवाल वकिलातीचा व्यापारी सचिव तयार करी आणि लंडनचे परदेशी व्यापार खाते ते छापून विक्रीस ठेवी. १९२० च्या दशकातील ई. आर. लिंगमन यांचे अहवाल आजही उपयुक्त आहेत. मात्र त्यांतील आकडे स्वतः मोजलेले नव्हते. ते बेल्जियन अधिकाऱ्यांनी चालवलेल्या इराणी जकातखात्याच्या वार्षिक पत्रकांवरून घेतलेले असत, आणि ते वापरताना पुढील चुका नेहमी होतात.

पहिली चूक वर्षाची. जकातीचे वर्ष नवरोजपासून, म्हणजे मार्च ते मार्च चाले. वकिलातीचा वार्षिक अहवाल जानेवारी ते डिसेंबरचा असे. हिजरी सौर १३०६ म्हणजे मार्च १९२७ ते मार्च १९२८. मार्च १९२५ च्या कालगणनेच्या कायद्यापूर्वी तर वर्षांना बारा प्राण्यांच्या तुर्की चक्रातील नावे होती. दुसरी चूक मापाची. तबरीझी मण सुमारे २.९७ किलोग्रॅमचा, शाही मण त्याच्या दुप्पट, रे शहराचा मण चौपट. शंभर तबरीझी मणांचा एक खरवार, सुमारे २९७ किलोग्रॅम. १९२५ च्याच दुसऱ्या एका कायद्याने रेल्वेसाठी साखरेवर दर मणी २ क्रान व चहावर ६ क्रान कर बसला, तो तबरीझी मणावर. शाही मण धरला तर कराचा बोजा थेट निम्मा दिसतो. चहा मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई, म्हणून या कराची दखल बुशहर व दुझदाब (पुढील झाहेदान) येथील कागदांत अधिक आढळते.

तिसरी अडचण चलनाची. दहा क्रानांचा तोमान. क्रान चांदीचा असल्याने १९२९–३० मध्ये जगभर चांदी उतरली तेव्हा तोही घसरला. पौंडांतील बेरजा एकाच दराने करता येत नाहीत. फेब्रुवारी १९३० मध्ये हुंडणावळीवर नियंत्रण आले, मार्चमध्ये रियाल हे नवे एकक ठरले. इंपीरियल बँक ऑफ पर्शियाच्या नोटांवर शहराचे नाव असे आणि त्या तेथील शाखेतच वटत, त्यामुळे एका शहराची नोट दुसरीकडे बट्ट्याने जाई. नोटा काढण्याचा मक्ता बँकेने मे १९३० मध्ये दोन लाख पौंडांना सोडला आणि तो इराणच्या सरकारी बँक मेल्लीकडे गेला.

चौथी व सर्वांत मोठी अडचण खनिज तेलाची. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीची निर्यात एकूण आकड्यात धरली की इराणचा व्यापार भरभराटीचा दिसतो. ती वगळली तर गालिचे, अफू, सुकामेवा, कापूस व लोकर यांचे खरे चित्र पुढे येते. जाणते अहवाललेखक दोन्ही बेरजा देत. उतरवून घेणारे पुष्कळदा एकच घेतात.

२५ फेब्रुवारी १९३१ च्या कायद्याने सर्व परदेशी व्यापार सरकारी मक्त्याखाली आला. आयातीला वार्षिक कोटा ठरला. आयात करणाऱ्याला इराणी माल निर्यात केल्याचा दाखला दाखवावा लागे. हे दाखले बाजारात अधिमूल्याने विकले जात, आणि मालाची खरी किंमत त्या अधिमूल्यासह काढावी लागे. या व्यवस्थेत सोव्हिएत व्यापारी संघटनांना झुकते माप मिळते, अशी ब्रिटिश तक्रार होती. पूर्व इराणातील हिंदुस्थानी व्यापाऱ्यांना याचा फटका विशेष बसला. बाजारातील दलाली, उधारीचे व्यवहार वा स्त्रियांचे विणकाम यांविषयी या कागदांत फार थोडे आहे. कॉन्सलांचा संबंध घाऊक व्यापाऱ्यांशीच येई.

तेलाचा वाद कायदा व व्यापार या दोहोंत मोडतो. या कंपनीचा आधार असलेल्या १९०१ च्या डार्सी तेल-सवलतीत निव्वळ नफ्याचे सोळा टक्के इराणला मिळत. १९३० साली हा वाटा सुमारे १२.८८ लाख पौंड होता, तो १९३१ मध्ये ३.०७ लाखांवर आला. २७ नोव्हेंबर १९३२ रोजी इराणने सवलत रद्द केली, ब्रिटनने प्रकरण राष्ट्रसंघाच्या परिषदेपुढे नेले, आणि २९ एप्रिल १९३३ रोजी साठ वर्षांची नवी सवलत ठरली. कंपनीत ब्रिटिश सरकारचे बहुसंख्य भाग असल्याने वकिलातीच्या या काळातील खलित्यांना तटस्थ निरीक्षण मानता येत नाही. जुलै १९५२ मध्ये निकाल लागलेल्या याच तेल कंपनीच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे ब्रिटनने १८५७ व १९०३ च्या तहांतील परमानुगृहीत कलमांचा आधार पुन्हा घेतला. न्यायालयाने तो न स्वीकारता आपणास अधिकार नाही असा निर्णय दिला. न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या इराणच्या स्वीकृतिपत्रात, १९३२ च्या अनुसमर्थनानंतर मान्य केलेलेच तह येतात, असा त्यामागील अर्थ होता.

खलिता लंडनला पोचल्यावर परराष्ट्र खात्याच्या पूर्व विभागात त्याला ‘ई’ हे अक्षर, कागद क्रमांक, फाइल क्रमांक व इराणचा संकेतांक ३४ मिळे. मग त्यावर अधिकाऱ्यांचे शेरे पडत. १९३० नंतर हा विभाग जॉर्ज रेंडेल यांच्याकडे होता. इंडिया ऑफिस, व्यापार मंडळ, नौदल खाते यांना प्रती जात आणि निवडक कागद गोपनीय मुद्रणात छापले जात. हे मुद्रण (परराष्ट्र खात्याच्या, म्हणजे ‘एफओ’ दप्तरातील मालिका ४१६) वाचण्यास सोपे, पण त्यात शेरे नसतात. मतभेद पाहायचे तर एफओ ३७१ आणि वकिलातीचे स्वतःचे दप्तर एफओ २४८ उघडावे लागते. बुशहर रेसिडेन्सीचे दप्तर (आर/१५) लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून त्याचा मोठा भाग कतारच्या डिजिटल ग्रंथालयामार्फत ऑनलाइन पाहता येतो. १८७३ पूर्वीचा आखातविषयक पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात, राजकीय खात्याच्या खंडांत आहे.