हवाईची तीन मते आणि डिसेंबरचे मतदान

अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये मतदार निवडतात ते इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना प्रत्यक्ष मत देणारे प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी. हे इलेक्टर कधीही एका छताखाली जमत नाहीत. डिसेंबरमधल्या एका ठरलेल्या दिवशी ते आपापल्या राज्यात, बहुधा विधानभवनात, बसतात. अध्यक्षासाठी एक मतपत्रिका, उपाध्यक्षासाठी वेगळी. मोजणी झाली की प्रमाणपत्राच्या सहा प्रतींवर सगळे सह्या करतात. इलेक्टर कोण हे सांगणारा गव्हर्नरचा कागद जोडून पाकिटे बंद होतात आणि त्यातले एक सिनेटच्या अध्यक्षाकडे, म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाकडे, जाते. ते उघडतात ६ जानेवारीला.

वेगळ्या मतपत्रिका आल्या त्या १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने. त्याआधी १८०० मध्ये एकाच पक्षाच्या दोघांना ७३-७३ मते पडून अध्यक्ष ठरवायला प्रतिनिधीगृहाला मतदानाच्या ३६ फेऱ्या घ्याव्या लागल्या होत्या. पुढे १८७६ मध्ये तीन दक्षिणी राज्यांतून परस्परविरोधी पाकिटे आली, पंधरा जणांच्या आयोगाने ८-७ ने सगळी वादग्रस्त मते एकाच पक्षाच्या पदरात टाकली, आणि त्या धड्यातून १८८७ चा मोजणीचा कायदा झाला. कायदा कसला, शब्दांचे जंजाळच.

खरी मेख १९६० ची. हवाईला राज्याचा दर्जा मिळून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. पहिल्या मोजणीत रिपब्लिकन उमेदवार १४१ मतांनी पुढे होता आणि तसे प्रमाणपत्रही निघाले. न्यायालयाच्या आदेशाने फेरमोजणी सुरू झाली, पण १९ डिसेंबर उजाडला तरी ती संपली नव्हती. मतदानाचा दिवस साऱ्या देशाला एकच, एका राज्यासाठी तो पुढे ढकलता येत नाही. म्हणून रिपब्लिकन इलेक्टरांबरोबर डेमोक्रॅटिक बाजूच्या तिघांनीही त्याच दिवशी मते दिली, आपणच रीतसर नेमलेले इलेक्टर आहोत असे लिहून सह्या केल्या आणि पाकीट धाडून दिले. त्या दिवशी तरी ते खरे नव्हते. ३० डिसेंबरला न्यायालयाने डेमोक्रॅटिक उमेदवार ११५ मतांनी जिंकल्याचे ठरवले. गव्हर्नर स्वतः रिपब्लिकन, तरी त्यांनी नवे प्रमाणपत्र काढले आणि ते ऐन मोजणीच्या दिवशी वॉशिंग्टनला पोचले. अध्यक्षस्थानी होते ते उपाध्यक्ष खुद्द पराभूत उमेदवार. त्यांनी प्रतिस्पर्ध्याची तीन मते ग्राह्य धरली, मात्र याला पायंडा समजू नये असेही बजावले. हरकत कोणीच घेतली नाही. तीन मतांनी देशाचा निकाल फिरणार नव्हता, त्यामुळे हे औदार्य स्वस्तात पडले.

साठ वर्षांनी नेमका तोच पायंडा म्हणून पुढे केला गेला. १४ डिसेंबर २०२० रोजी सात राज्यांत हरलेल्या बाजूच्या लोकांनी आपली वेगळी प्रमाणपत्रे तयार केली. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू मेक्सिको इथल्यांनी ‘पुढे आम्ही वैध ठरलो तर’ अशा अर्थाची अट घातली, बाकी पाच राज्यांत तेवढीही सावधगिरी नव्हती. मिशिगनमध्ये त्यांना विधानभवनाच्या दारातूनच परत पाठवले. सह्या झाल्या पक्षाच्या कार्यालयाच्या तळघरात, कागदावर मात्र आपण विधानभवनात जमलो असेच छापलेले राहिले. १९६० मध्ये हवाईत फेरमोजणी चालू होती आणि शेवटी गव्हर्नरचे प्रमाणपत्र मागाहून का होईना, आले. २०२० मध्ये एकाही राज्याने दुसरे प्रमाणपत्र काढले नाही. हा फरक बाजूला ठेवून हवाईचा दाखला देणे म्हणजे सोयीचे तेवढेच वाचणे.

१८८७ च्या कायद्यातली बरीच भगदाडे २०२२ च्या दुरुस्तीने बुजवली. राज्याने इलेक्टरांचे प्रमाणपत्र मतदानाच्या किमान सहा दिवस आधी काढायचे आणि न्यायालयाने बदलले नाही तर तेच अंतिम. उपाध्यक्षाचे काम निव्वळ औपचारिक. पूर्वी दोन्ही सभागृहांतला एकेक सदस्य हरकतीला पुरे व्हायचा, आता प्रत्येक सभागृहातले एक-पंचमांश सदस्य लागतात. मतदानाचा वारही सोमवारचा मंगळवार झाला. २०२४ मध्ये ते १७ डिसेंबरला झाले आणि जानेवारीतली मोजणी, पुन्हा एका पराभूत उमेदवाराच्याच अध्यक्षतेखाली, साधारण अर्ध्या तासात आटोपली.

मिशिगनच्या त्या सोळा जणांवर २०२३ मध्ये गुन्हे दाखल झाले. एकावरचे आरोप सहकार्याच्या बदल्यात मागे घेतले गेले. उरलेल्या पंधरा जणांवरचे आरोप, फसवण्याचा हेतू दिसत नाही म्हणून, न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द केले.